तिसरी चढाई पोराच्याच गळ्यात का? भाईंदर पूर्वेच्या कबड्डीतला जुन्या-नव्यांचा हिशेब

भाईंदर पूर्व : दिवाळी सरली, शेतातलं भात कसंबसं खळ्यावर आलं, आणि इकडे नवघर, गोडदेव, खारीगावच्या रस्त्यांवर कबड्डी स्पर्धांचे बॅनर लागायला सुरुवात झाली. पालिकेची निवडणूक डोळ्यांपुढे असल्यामुळे यंदा बॅनर जरा मोठे आहेत. कोणाचा चषक, पहिलं बक्षीस किती, चढाईपटूला सायकल की मोबाइल, याची चर्चा चहाच्या टपरीवर चालू आहे. पण मंडळांच्या आतली चर्चा वेगळी आहे. तिथे दरवर्षीचाच वाद आहे : चढाईला कोणाला पाठवायचं? पस्तिशीतल्या नावाजलेल्या गड्याला, की एकोणीस वर्षांच्या पोराला?

आपल्या पोर्टलच्या वाचकांना वाटेल, भाईंदरचा वाद आपल्या तालुक्यांत कशाला आणला? मी स्वतः खाडीच्या पलीकडचा, वसई तालुक्यातल्या कामण पट्ट्यातला शेतकरी. नायगावला गाडीत बसलं की खाडी ओलांडून पुढचं स्टेशन भाईंदर. आमच्याकडची, भिवंडीकडची, वाड्याकडची कितीतरी पोरं संध्याकाळी सरावाला इकडे येतात. गावात माती आहे, पण मॅट नाही. दिवे नाहीत. शिकवणारा असला तर त्याची रात्रपाळी असते. भाईंदरच्या मंडळांकडे या गोष्टी थोड्याफार आहेत. त्यामुळे इथल्या संघात कोणाला किती चढाया मिळतात, यावर आमच्या गावांतल्या पोरांचं बरंच काही अवलंबून आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या मोठ्या भावाचा मुलगा यातल्याच एका संघात आहे. तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं म्हणणार नाही. पण जे पाहिलं ते सांगतो.

चार चढाया, त्यातल्या तीन तिसऱ्या

मागच्या आठवड्यात नवघरच्या बाजूला एका संघाचा सराव सामना पाहिला. संघाचं नाव देत नाही, कारण दोष एकट्या त्या संघाचा नाही. मुख्य चढाईपटू छत्तीस वर्षांचा. दुसरा तिशी ओलांडलेला. तिसरा आमच्या बाजूचा एकोणीस वर्षांचा पोरगा, काटक, पाय हलका.

पहिल्या अर्ध्यात पोराला चार चढाया मिळाल्या. त्यातल्या तीन ‘तिसऱ्या’ चढाया होत्या. दोनदा पकडला गेला, एकदा गुण आणला. मध्यंतरानंतर त्याला बाहेर बसवला. माझ्या शेजारी बसलेले एक काका म्हणाले, “पोरगं कच्चं आहे हो अजून.” मला वाटलं, कच्चं आहे हे खरं, पण कच्चं ठेवलंय हेही तितकंच खरं.

ज्यांनी खूप दिवस सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. एक चढाई तीस सेकंदांची. चढाईपटू गुण न घेता, गुण न देता परत आला तर ती रिकामी चढाई. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण आणायलाच लागतो. नाही आणला तर चढाईपटू बाद. टीव्हीवर हिला ‘करो या मरो’ म्हणतात, आपल्याकडे नुसतं तिसरी म्हणतात.

आता गंमत पाहा. पहिल्या दोन चढाया ज्येष्ठ गडी करतो. मध्यरेषेच्या आसपास फिरतो, निदान रेषा ओलांडतो, वेळ काढतो, परत येतो. त्याला दमही मिळतो आणि बाद होण्याची भीतीही नाही. तिसऱ्या चढाईच्या वेळी मात्र समोरच्या सातही जणांना ठाऊक असतं की हा आत येणारच, याला यावंच लागणार आहे. कोपरे दबा धरून बसतात, कव्हर पुढे सरकतो. आणि बरोबर त्या वेळी पोराच्या पाठीवर थाप पडते, “जा रे, बघ काय मिळतं का.”

बाद झाला तर ‘कच्चा’. गुण आणला तर ‘नशीब’. ज्येष्ठाच्या नावावर अपयश लागत नाही, पोराच्या नावावर यश लागत नाही. भाईंदर पूर्वेत मी तीन वेगवेगळ्या मैदानांवर हाच प्रकार पाहिला. आमच्या गावच्या मैदानावरही हेच चालतं. मुद्दाम कोणी करतं असं नाही. सवयीने होतं.

चाळीस चढायांची पाळी

हिशेब साधा आहे. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव म्हणजे चाळीस मिनिटं, चोवीसशे सेकंद. प्रत्येक चढाई पूर्ण तीस सेकंदांची धरली तर ऐंशी चढाया. म्हणजे एका संघाच्या वाट्याला चाळीसच्या आसपास. काही चढाया लवकर आटोपतात, त्यामुळे आकडा थोडा वरखाली होईल. पण चाळीस धरून चाला.

कालव्याच्या पाण्याची पाळी ज्यांनी सांभाळली आहे त्यांना हे लगेच कळेल. पाणी तेवढंच, शेतं तीन. वरच्या दोघांनी पाट आधी फोडला तर तिसऱ्याच्या शेतात ओलही पोचत नाही. दोन ज्येष्ठांनी मिळून तीस-बत्तीस चढाया केल्या तर पोराला उरतात आठ. त्यातल्या निम्म्या तिसऱ्या. यातून तो शिकणार काय?

चढाई ही बघून शिकायची गोष्ट नाही. समोरचा डावा कोपरा घोटा कधी पकडतो, कव्हर डॅश मारायला कुठल्या पायावर येतो, साखळी कधी सुटते, हे अंगावर आल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी पोराला वाया जाणाऱ्या चढाया द्याव्या लागतात. वाया म्हणजे अगदी वाया नव्हेत. पेरणीच्या आधी नांगरट करतो तशा.

पुण्याच्या संघाने काय केलं?

हा पेच मोठ्या संघांनाही सुटलेला नाही, पण काहींनी तो नीट हाताळला. आपल्या राज्यातलं ताजं उदाहरण पुणेरी पलटणचं आहे.

प्रो कबड्डीचा आठवा हंगाम डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात बेंगळुरूमध्ये, कोरोनामुळे प्रेक्षकांविना खेळला गेला. पुण्याकडे चढाईत दोन मोठी नावं होती, राहुल चौधरी आणि नितीन तोमर. राहुल म्हणजे पहिल्या काही हंगामांतला लीगचा चेहरा. प्रशिक्षक होते अनुप कुमार, जे स्वतः काही वर्षांपूर्वीपर्यंत देशाचे पहिल्या क्रमांकाचे चढाईपटू होते. हंगामाची सुरुवात पुण्याला जड गेली. मग चढाईचा भार हळूहळू दोन नवख्या पोरांकडे गेला. एक पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा अस्लम इनामदार, दुसरा हरियाणाचा मोहित गोयत. दोघेही पहिलाच हंगाम खेळत होते. पुण्याने त्या वर्षी बाद फेरी गाठली.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की, निर्णय घेणारा माणूस स्वतः जुना चढाईपटू होता. नावाला मान द्यायचा की पायाला, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये, पुणे अंतिम सामन्यात पोचलं. पण नेमके अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीने बाहेर. तरी उपांत्य सामना तमिळ थलैवाजविरुद्ध ३९-३७ असा काढला, कारण पंकज मोहिते, आकाश शिंदे, आदित्य शिंदे ही पुढची फळी तयार होती. अंतिम सामना जयपूरने ३३-२९ असा जिंकला, तो भाग वेगळा. दोन मुख्य चढाईपटू नसताना चार गुणांनी हरणं ही काय लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे का?

आणि मग १ मार्च २०२४, हैदराबाद. दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. कर्णधार होता अस्लम इनामदार. पण त्या दिवशी चढाईत सगळ्यात जास्त गुण आणले पंकज मोहितेने. एका चढाईत चार गडी टिपून त्याने सामना फिरवला. पंकज २०१९ पासून या संघात आहे. तो कधी पहिला चढाईपटू होता, कधी तिसरा, कधी राखीव. पण त्याची पाळी कोणी कायमची तोडली नाही, म्हणून गरजेच्या दिवशी त्याचे पाय जागेवर होते.

नावांचा ढीग लावला की काय होतं?

आता उलटं उदाहरण. २०१९ च्या सातव्या हंगामात तमिळ थलैवाजने अजय ठाकूर, राहुल चौधरी आणि मनजीत चिल्लर हे तिघे एका संघात आणले. कागदावर असा संघ की समोरच्याने पाणी मागावं. बारा संघांत तो शेवटच्या क्रमांकावर राहिला. अजय ठाकूर काय साधा गडी होता? २०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात भारत मध्यंतराला इराणच्या मागे होता. तिथून अजयच्या चढायांनी सामना ओढून आणला, भारत ३८-२९ असा जिंकला. माणूस तोच. पण मोठी नावं एकत्र आली की पाळी कोणाची हे ठरत नाही, आणि एक दुखावला की मागे उभा असलेला पोरगा तयार नसतो.

राहुल चौधरीचंच पुढे बघा. पुण्यानंतर तो जयपूरला गेला. तिथे पहिला चढाईपटू होता तरुण अर्जुन देशवाल. राहुल बराच काळ राखीव खेळाडूंत बसला. त्या हंगामात जयपूर जिंकलं आणि इतकी वर्षं हुलकावणी देणारं विजेतेपद राहुलला मिळालं. संघाची मुख्य नाव असताना जे मिळालं नाही ते बाकावर बसून मिळालं. आमच्याकडचे काही ज्येष्ठ हे ऐकून नाक मुरडतील. पण मला तरी यात कमीपणा दिसत नाही.

आता मुंबईचं. यू मुंबाने दुसरा हंगाम, म्हणजे २०१५ चा, बेंगळुरूला ३६-३० असं हरवून जिंकला. त्या संघाची जोडी आठवा. तिशी ओलांडलेला अनुप कुमार आणि त्याच्या बाजूला बाविशी-तेविशीतला रिशांक देवाडिगा. अनुप बोनस घेत शांतपणे डाव चालवायचा, रिशांक आत घुसायचा. कोणाचं काम कोणतं हे ठरलेलं होतं. हाच रिशांक पुढे महाराष्ट्राचा कर्णधार झाला, आणि जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला सेनादलाला ३४-२९ असं हरवून महाराष्ट्राने ११ वर्षांनी वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

नंतर मात्र मुंबईने पोरं घडवली आणि सोडली. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६.४ लाखांना घेतला, त्याने पहिल्याच हंगामात दोनशेच्या वर गुण चढाईत आणले, आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १.४५ कोटींना नेला. अर्जुन देशवालही आधी मुंबईचाच होता. जयपूरला गेला आणि तिथे विजेता झाला. २०१५ नंतर मुंबईच्या वाट्याला पुन्हा विजेतेपद आलेलं नाही. नवं पेरायचं आणि उभं पीक दुसऱ्याच्या खळ्यावर पाठवायचं, असं झालं तर घरात दाणा कसा राहील?

शेवटच्या मिनिटाला मात्र जुनाच

याचा अर्थ ज्येष्ठांना घरी पाठवा, असा कोणी घेऊ नये. यंदाचाच अंतिम सामना घ्या. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत बाराव्या हंगामाचा शेवट झाला. पुन्हा पुणे अंतिम सामन्यात. अस्लम दुखापतीमुळे नाही, चढाईचा भार आदित्य शिंदेवर. आदित्य जिद्दीने खेळला, गुणांची दहाई गाठली. अंतर थोडं उरलं, सामना हातात येतो की काय असं वाटलं, आणि अगदी अखेरीस दिल्लीच्या फजल अत्राचलीने आदित्यची पकड केली. दिल्ली ३१-२८. फजल २०१५ मध्ये यू मुंबाच्या विजेत्या संघात होता, म्हणजे दहा वर्षांपूर्वी. तो चढाईपटू नाही, कोपरारक्षक आहे. पण शेवटच्या मिनिटाला छाती धडधडत असताना पाय कुठे टाकायचा, हे दहा वर्षांच्या खेळाने शिकवलेलं असतं. ते पोरात येत नाही. पोराची चूक नव्हे, वय तेवढं आहे.

मुलींच्या बाजूलाही हेच दिसतं. मुंबईची सोनाली शिंगटे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चढाया करत होती, हांगझोऊच्या सुवर्णपदक संघात होती, आणि या नोव्हेंबरमध्ये ढाक्याला विश्वचषक जिंकणाऱ्या संघातही होती. तिच्याबरोबर नव्या मुली आल्या आणि चमकल्या. एक जण टिकली म्हणून बाकीच्यांचा रस्ता अडला नाही.

बैलाची उपमा देतो, शेतकऱ्याला दुसरं काय सुचणार? नव्या गोऱ्ह्याला शिकवायचं तर त्याला जुन्या बैलाबरोबरच जुंपतात. दोन गोऱ्हे एकत्र जुंपले तर औत बांधावर जातं. पण जू गोऱ्ह्याच्या मानेवर आलंच पाहिजे. सगळा भार जुन्याने ओढला तर गोऱ्हा नुसता बाजूने चालतो, आणि दोन वर्षांनी जुना बसला की शेत पडीक.

आपल्याकडे अडतं कुठे?

मग हे सगळं दिसत असताना आपल्या मंडळांत का होत नाही? कारणं मला चार दिसतात.

पहिलं, बक्षिसाचा पैसा. रोख बक्षिसाच्या स्पर्धेत हरणं मंडळाला परवडत नाही. मॅटचं भाडं, पोरांचं खाणं, गाडीभाडं त्यातूनच निघतं. त्यामुळे आजचा सामना जिंकायचा, उद्याचं उद्या बघू.

दुसरं, पाहुण्यांची आणि गर्दीची मागणी. ज्याने चषक लावला त्याला माईकवर मोठं नाव ऐकायचं असतं. “अमुक अमुक चढाईला आलेला आहे” असं समालोचक ओरडला की मंडप हलतो. नवख्या पोराच्या नावावर कोण शिट्टी मारणार? आणि निवडणुकीच्या वर्षी तर बाहेरून एका दिवसापुरते गडी आणण्याची चढाओढ लागते. त्यात घरचं पोरगं बाकावरून उठतच नाही.

तिसरं, मान. आपल्याकडे ‘दादा, तुम्ही बसा’ असं म्हणायला कोणी धजत नाही. गावात, मंडळात सगळे एकमेकांच्या नात्यातले. प्रशिक्षक धाकटा, चढाईपटू मोठा. मग प्रशिक्षक काय बोलणार?

चौथं, आणि हे सगळ्यात खरं, ज्येष्ठाच्या हातात दुसरं काहीच दिलेलं नसतं. त्या छत्तीस वर्षांच्या गड्याशी मी सरावानंतर बोललो. दिवसभर कामावर उभा राहून संध्याकाळी मैदानात येतो. गुडघ्याला पट्टी. तो म्हणाला, “पोराला द्या ना, मी कुठं अडवतो? पण हरलो की शिव्या मला पडतात. आणि मी बसलो तर उद्यापासून मला मैदानात कोण विचारणार?” त्याचं म्हणणं चूक नाही. त्याने पंधरा वर्षं या मंडळाला दिली. सामन्यामागे मिळणारे चार पैसे आणि मैदानातला मान, याशिवाय त्याला खेळाने दुसरं काही दिलेलं नाही. त्याच्या वयाच्या काहींना पोलिसात, रेल्वेत, महिंद्रा किंवा भारत पेट्रोलियमसारख्या कंपन्यांच्या संघांत नोकऱ्या लागल्या. याची संधी हुकली.

पोराकडे किती हिवाळे आहेत?

इथे खरी कळ आहे. कुमार गट वीस वर्षांपर्यंत. आमच्या बाजूचा तो पोरगा एकोणीस पूर्ण आहे. म्हणजे कुमार गटातून जिल्ह्याच्या निवड चाचणीत दिसायचं तर त्याच्याकडे हा एकच हिवाळा आहे. पुढे वरिष्ठ गट, तिथे त्याच्यासमोर पंचवीस-तिशीतले तयार गडी.

सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हे आता गावातल्या आईबापांनाही माहीत झालंय. पण ते मिळतं राज्य-राष्ट्रीय पातळीवरच्या अधिकृत स्पर्धेतल्या कामगिरीवर, तेही प्रमाणपत्राची पडताळणी होऊन. कुणाच्या चषकात मिळालेली सायकल तिथे चालत नाही. त्या स्पर्धेपर्यंत पोचायचं तर जिल्ह्याच्या संघात निवड हवी, निवडीसाठी निवड समितीने चढाया करताना पाहायला हवं, आणि मंडळात चढाया मिळत नसतील तर पाहणार काय? बाकावर टॉवेल धरून बसलेला पोरगा कोणाला दिसत नाही.

म्हणून हा वाद नुसता जिंकण्या-हरण्याचा नाही. ज्याच्या घरी दीड-दोन एकर भात आहे, ज्याच्या भाताचं यंदा ऑक्टोबरच्या पावसाने लोळण झालं, त्या घरातल्या पोराच्या दृष्टीने या आठ चढाया की पंधरा चढाया यावर बरंच काही ठरतं.

माझं स्वतःचं सांगतो. मीही खेळायचो. बाविसाव्या वर्षापर्यंत एका संघात राखीव होतो. चढाई मिळायची ती तिसरीच, तीही सामना हरत आलेला असताना. अंग गार, बसून बसून पाय जड, आणि एकदम सात जणांत जायचं. अशाच एका चढाईत थाय होल्डमधून सुटताना गुडघा फिरला. तेव्हा विमा नाही, डॉक्टरचा खर्च बापाने म्हशीचं दूध विकून केला. त्यानंतर खेळलो नाही. मला कोणावर राग काढायचा नाही. पण थंड अंगाने पोराला तिसऱ्या चढाईला पाठवताना पाहिलं की माझा गुडघा आजही आठवण करून देतो.

करता येण्यासारखं

मोठे उपाय सांगायला मी काही तज्ज्ञ नाही. पण सरावाच्या मैदानावर, एक पैसा खर्च न करता करता येतील अशा गोष्टी आहेत.

पहिली दहा मिनिटं पोराला द्यावीत. तेव्हा समोर सात गडी असतात, बोनस खुला असतो, अंतर पडलेलं नसतं. चूक झाली तरी भरून काढायला तीस मिनिटं शिल्लक असतात.

रिकाम्या चढाया वाटून घ्याव्यात. ज्याने पहिली चढाई केली त्यानेच तिसरीची जबाबदारी घ्यावी, असं निदान पहिल्या अर्ध्यात ठरवावं. तिसरी चढाई हे अनुभवाचं काम आहे. बोनस कधी घ्यायचा, कोपऱ्याला फसवून हात कुठे लावायचा, हे ज्येष्ठाला येतं. ते काम त्याने करावं. शेवटची पाच मिनिटंही त्याचीच.

ज्येष्ठाला बसवायचं तर काम देऊन बसवावं. बाकावरून समोरच्या कोपऱ्याचा, कव्हरचा पाय वाचायचा आणि मध्यंतरात पोराला सांगायचं. अनुप कुमार खेळ सोडून प्रशिक्षक झाला, अजय ठाकूर यंदा पुण्याचा प्रशिक्षक होता. मंडळाने पत्रिकेवर, बॅनरवर ज्येष्ठाचं नाव मार्गदर्शक म्हणून छापावं. सामन्यामागे जे देतात ते बंद करू नये. मान राहिला की माणूस स्वतः पोराला पुढे ढकलतो.

आणि एक वही ठेवावी. कोणी किती चढाया केल्या, त्यातल्या तिसऱ्या किती, गुण किती. दहा सामन्यांनंतर वही उघडली की ‘कच्चा’ कोण आणि ‘कच्चा ठेवलेला’ कोण, हे आपोआप कळेल. भांडायला जागा उरत नाही.

चषक लावणाऱ्यांनाही एक विनंती. उत्कृष्ट चढाईपटूचं बक्षीस देता तसंच एक बक्षीस वीस वर्षांखालच्या चढाईपटूला द्या. मंडळं त्या बक्षिसासाठी तरी पोराला उतरवतील. १५ जुलैला बुवा साळवींच्या जयंतीला आपण कबड्डी दिन साजरा करतो, भाषणं ठोकतो. पण पोराच्या वाट्याला चार चढाया जास्त आल्या तर बुवांनाही ते भाषणापेक्षा बरं वाटलं असतं.

हे लिहिण्याआधी परवा पुन्हा त्याच सरावाला गेलो. वहीची गोष्ट प्रशिक्षकाच्या कानावर घातली होती. त्याने पोराला सुरुवातीलाच पाठवला. पहिली चढाई रिकामी. दुसऱ्यांदा गेला तो घोट्यात सापडला. बाहेरून कोणीतरी ओरडलं, “बसवा त्याला.” प्रशिक्षकाने ज्येष्ठाकडे बघितलं. ज्येष्ठ बाकावरून उठला, वाटलं आता हाच जातो. पण तो रेषेपर्यंत आला, बाद होऊन आलेल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं आणि परत जाऊन बसला. पोरगा जिवंत होऊन आत गेला तेव्हा त्याला पुन्हा पाठवलं. या वेळी त्याने बोनस घेतला आणि येता येता डाव्या कोपऱ्याला हात लावून आला.

मी नंतर ज्येष्ठाला विचारलं, काय सांगितलंत? तो हसला. “काय नाय. म्हटलं, त्याचा डावा पाय आधी उचलतो. तो बघ, हात बघू नको.”

स्पर्धा पुढच्या आठवड्यात सुरू होतायत. मंडपात बसाल तेव्हा गुणफलक सगळेच बघतात. तुम्ही जरा पहिल्या दहा मिनिटांत चढाईला कोण जातंय आणि तिसरी चढाई कोणाच्या गळ्यात पडतेय, तेही मोजा.